टोक बसलं पाहिजे

मुरगूडहून वेदगंगेच्या काठाला उसाच्या बांधाबांधानं चालत निघालात की थोड्या थोड्या अंतरावर मोटारीच्या खोल्या लागतात. काही पत्र्याच्या, काही विटांच्या. त्यातल्या कुठल्याही खोलीत डोकवा. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर मेन स्विच आणि स्टार्टर, कोपऱ्यात ग्रीसचा डबा आणि स्टार्टरच्या पेटीवर हाताला लागेल असा ठेवलेला एक टेस्टर. त्याची मूठ काळवंडलेली, आतला दिवा कधीच गेलेला, टोक एका बाजूला वळलेलं. याच टेस्टरनं फेज बघायची, स्टार्टरचे स्क्रू आवळायचे, ग्रीसच्या डब्याचं झाकण उचकटायचं आणि फूटव्हॉल्वच्या जाळीत अडकलेला पालाही त्यानंच काढायचा. त्या टेस्टरच्या जागी काय असायला हवं, ते या प्रकरणात बघू.

आमच्या मळ्यातली पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर एका उन्हाळ्यात जळाली. उसाला पाण्याची पाळी आलेली, आणि मोटर रिवाइंडिंगला. मोटर बांधणाऱ्या मिस्त्रींनी जळकी वाइंडिंग बघितली आणि मोटारीबद्दल काही न बोलता विचारलं, "स्टार्टर बघितलाय का उघडून?" उघडला तर एका टर्मिनलवरची तार काळी ठिक्कर पडलेली, तिचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं. तो स्क्रू आम्ही महिन्याभरापूर्वीच आवळला होता. निदान आमची तशी समजूत होती. खरं तर टेस्टरचं टोक खाचेत सटकत होतं आणि ते सटकलं की आम्हाला वाटायचं, स्क्रू आता पुरता बसला.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालू असताना एकेका तारेतून साधारण सात-साडेसात अँपिअर वीज जाते आणि सुरू होण्याच्या क्षणी याच्या पाच-सहा पट. स्क्रू घट्ट असेल तर तार आणि पट्टी एकमेकींना पूर्ण टेकलेल्या असतात. ढिला असेल तर त्या काही ठिपक्यांपुरत्याच टेकतात. तेवढ्याच वाटेनं सगळी वीज जायची म्हणजे तिथं विरोध वाढतो, आणि विरोध वाढला की तापतं. तापलं की तांबं फुगतं, मोटर बंद झाली की आखडतं, आणि दर खेपेला स्क्रू आणखी थोडा सैल होतो. शेवटी एक फेज तुटते. मोटर उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहते, ओव्हरलोड रिलेनं वेळेवर तोडलं नाही तर जळते. रिवाइंडिंगचा खर्च हजारांत जातो, वर पाण्याची पाळी चुकते. हे सगळं एका स्क्रूच्या खाचेत एक टोक नीट न बसल्यामुळं.

पुस्तकात पेचकस म्हणतात, गॅरेजात स्क्रू ड्रायव्हर. काहीही म्हणा, त्याचं काम एकच: मनगटातला पीळ स्क्रूच्या डोक्यात उतरवायचा. हा पीळ ज्या जागेतून उतरतो ती जागा मिलिमीटरभर खोल आणि चार-पाच मिलिमीटर लांब असते. मूठ कितीही देखणी असो, सगळा व्यवहार त्या इवल्या जागेत होतो. म्हणून पेचकस निवडताना आधी टोक बघायचं, बाकी सगळं नंतर.

चपट्या टोकापासून सुरुवात करू. चपट्या पेचकसाची रुंदी सगळे बघतात, जाडी कुणी बघत नाही. खरी गोम जाडीत आहे. टोक खाचेपेक्षा पातळ असलं की फिरवताना ते खाचेत तिरकं होतं आणि दोनच कोपऱ्यांवर टेकतं. सगळा जोर त्या दोन कोपऱ्यांवर येतो. मग एक तर टोकाचे कोपरे तुटतात, नाही तर खाचेच्या कडा दुमडतात. टर्मिनलचे स्क्रू बहुधा पितळी किंवा मऊ पोलादाचे असतात, तिथं खाचच हरते. टेस्टरचं टोक साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर रुंद आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. स्टार्टरच्या टर्मिनलला बहुतेक वेळा साडेपाच मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड टोक लागतं. हे माप चांगल्या पेचकसाच्या मुठीवर किंवा दांडीवर छापलेलं असतं: १.० × ५.५. आधीचा आकडा जाडीचा.

माप जमलं की नाही हे ओळखायला फूटपट्टी नको. स्क्रू आडवा धरा, टोक खाचेत घाला आणि मूठ अलगद हलवा. टोक खाचेत डुगडुगायला नको. खाचेच्या दोन्ही टोकांना ते जवळजवळ पुरलं पाहिजे, पण बाहेर डोकावायला नको. बाहेर आलेलं टोक आजूबाजूचा रंग, पितळ, बेकलाइट सगळं ओरबाडतं.

आणखी एक गोष्ट चपट्या टोकात बघायची असते. स्वस्त पेचकसाचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं. पाचर खाचेत घालून फिरवली की ती वरच सरकणार. चांगल्या पेचकसाचं पातं शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं असतं. ते खाचेच्या तळापर्यंत जातं आणि तिथून पीळ देतं. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांची आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्यांची हत्यारं बघा, त्यांची पाती अशीच असतात. शिलाई मशीनचे स्क्रू मोठ्या डोक्याचे, पण खाच अरुंद. तिथं पाचर चालतच नाही.

आता चपट्यापेक्षा जास्त घोटाळा करणारा प्रकार, म्हणजे फुलीचा. गॅरेजात याला ‘स्टार’ म्हणतात, काही जण ‘प्लस’. दुकानात नुसतं ‘स्टार द्या’ म्हणू नका. खरा सहा पाकळ्यांचा तारा वेगळा, तो टॉर्क्स. तो १९६७ साली निघाला आणि आता नव्या गाड्यांमध्ये सर्रास दिसतो. आपल्याला हवा असतो तो चार पाकळ्यांचा. आणि त्या चार पाकळ्यांतही एक जात नाही.

निपाणी-राधानगरी रस्त्याला लागून एक गॅरेज होतं. कॉलेजात असताना मी माझी जुनी आरएक्स १०० तिथं घेऊन गेलो ती रडकुंडीला येऊनच. यामाहाची ही गाडी १९८५ साली आपल्याकडं आली आणि १९९६ पर्यंत निघत राहिली. आमच्या भागात तिला अजून मान आहे. मी स्वतःच क्लचचं झाकण काढायला बसलो होतो. ॲल्युमिनियमचं झाकण, त्यात पोलादी स्क्रू, वर राधानगरीकडून येणारा पाऊस कैक वर्षं पडलेला. दोन स्क्रू निघाले, तिसऱ्याची फुली गोल झाली. चौथ्याचीही झाली. मी मिस्त्रींना म्हणालो, "गंजलाय हो, निघत न्हाई."

मिस्त्री खाली बसले. म्हणाले, "गंज न्हाई हे. दाखव तुझा स्क्रू ड्रायव्हर." मी दाखवला. त्यांनी टोक बघितलं, तो बाजूला ठेवला आणि स्वतःच्या डब्यातून आखूड, जाड दांडीचा एक काढला. "तुझा दोन नंबर. हा स्क्रू तीनचा. दोन नंबर यात नुसता खेळतो, बसत न्हाई." मग टाचणीनं न बिघडलेल्या एका स्क्रूच्या फुलीतली माती उकरून काढली, टोक बसवलं, मुठीवर हातोडीचा एक नेमका ठोका दिला, छातीचा भार टाकला आणि पाव फेरा दिला. ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि स्क्रू सुटला. मी बिघडवलेले दोन स्क्रू काढायला मात्र त्यांचा तास गेला.

फुलीच्या टोकाचे नंबर असतात: शून्य, एक, दोन, तीन, चार. साधारण हिशेब असा की तीन मिलिमीटर आट्याच्या स्क्रूला एक नंबर, चार आणि पाच मिलिमीटरला दोन, सहा मिलिमीटरला तीन. गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीचे स्क्रू बहुधा चार मिलिमीटरचे, म्हणून दोन नंबर. इंजिनाच्या झाकणाचे सहाचे, म्हणून तीन. घरोघरी असतो तो दोन नंबरचा, म्हणून आपण सगळीकडं तोच घालतो आणि तीन नंबरच्या फुल्या गोल करतो. हा नंबर मुठीवर ‘पीएच’ या इंग्रजी अक्षरांपुढं छापलेला असतो. ही अक्षरं फिलिप्सची.

अमेरिकेत पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन नावाच्या माणसाच्या मूळ कल्पनेचे हक्क घेतले, तिच्यात सुधारणा केली आणि १९३६ साली पेटंट मिळवली. जनरल मोटर्सनं कॅडिलॅक गाड्यांसाठी हा स्क्रू उचलला आणि थोड्याच वर्षांत तो सगळीकडं पसरला. त्याचं कारण कारखान्यात होतं. यंत्रानं स्क्रू आवळताना चपटं टोक खाच शोधत बसतं आणि बाजूला घसरतं. फुलीचं टोक आपोआप मधोमध बसतं. पण फिलिप्सच्या फुलीच्या भिंती उतरत्या आहेत. पीळ वाढला की टोक त्या उतारावरून वर ढकललं जातं. नव्या कोऱ्या स्क्रूला, सरळ धरलेल्या यंत्राखाली, त्यानं फारसं बिघडत नाही. दहा वर्षांनी गंजलेला तोच स्क्रू उघडणाऱ्या मिस्त्रीचं मात्र पुरतं बिघडतं. स्क्रू आवळणाऱ्याच्या सोयीसाठी घडला, सोडवणाऱ्याचा विचार त्यात मागं पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडची खास अडचण. १९८४-८६ या दोन-तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी या जपानी कंपन्यांच्या जोडीनं बनलेल्या दुचाक्या भारतात आल्या आणि त्यांच्याबरोबर जपानी फुलीही आली. दिसायला ती फिलिप्ससारखीच. पण तिचा घाट जपानी मानकाप्रमाणं जरा वेगळा. तिच्या कोपऱ्यांतली गोलाई कमी आणि तिच्यासाठीचं टोक जास्त बोथट. फिलिप्सचं टोक त्या फुलीत तळाला पोचण्याआधीच अडतं. ते वरच्या वर लटकतं आणि जोर दिला की सटकतं. उलट जपानी घाटाचं टोक फिलिप्सच्या स्क्रूमध्ये चांगलं चालतं. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर पाकळ्यांच्या मध्ये एक बारीक ठिपका कोरलेला असतो, ती त्यांची खूण. जुनी जपानी घराण्याची गाडी असेल तर तो ठिपका शोधा. सापडला तर तुमच्या नेहमीच्या पेचकसाला हात लावू नका.

तिसरी फुली कपाटाच्या बिजागऱ्यांमध्ये भेटते, पोझिड्राइव्ह. मोठ्या फुलीच्या पाकळ्यांमध्ये चार बारीक रेघा दिसल्या की ती. तिला ‘पीझेड’ टोक लागतं. हिच्यात फिलिप्स घातला की तोच गोंधळ.

आता दुकानात जाऊ. नाशिकच्या टपारिया कंपनीचे पेचकस मुरगूडसारख्या गावातही मिळतात आणि रोजच्या कामाला ते पुरेसे आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरात गेलात तर जपानी व्हेसल, जर्मन वेरा किंवा विहा यांची चौकशी करता येईल. ते महाग आहेत. महिन्यातून एकदा पेचकस हातात धरणाऱ्यानं एवढे पैसे घालायची गरज नाही. पण रोज पन्नास स्क्रू उघडणाऱ्या मेकॅनिकनं दोन आणि तीन नंबर तरी उत्तम प्रतीचे घ्यावेत. एक बिघडलेला स्क्रू काढायला लागणाऱ्या तासाची मजुरी धरली तर पैसे लवकर वसूल होतात. फुटपाथवर मिळणाऱ्या बत्तीस टोकांच्या पेटीच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यातली तीस टोकं तुम्हाला कधीच लागणार नाहीत आणि लागणारी दोन पहिल्याच घट्ट स्क्रूला पीळ खाऊन बसतील.

दांडीवर क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असतं. लिहिणं सोपं आहे. क्रोम व्हॅनेडियम हे पोलाद चांगलंच, पण नुसत्या पोलादानं काम होत नाही, त्याला पाणी कसं दिलंय यावर सगळं अवलंबून. टोक फार कडक असेल तर त्याचा कपचा उडतो, फार मऊ असेल तर वळतं. दुकानात कानस लावून बघता येत नाही, पण डोळ्यांनी पुष्कळ कळतं. टोक उजेडात धरा. पाकळ्यांच्या कडा धारदार आणि चारही सारख्या आहेत का? मुलाम्याचा जाड थर चढून त्या बुजल्या आहेत का? चांगल्या पेचकसाचं टोक बहुतेक वेळा काळपट किंवा बिनचकाकीचं असतं, कारण मुलाम्यानं माप बिघडू नये म्हणून ते तसंच ठेवतात. मग दांडी दोन तळव्यांमध्ये धरून फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे, भोवऱ्यासारखं डोलायला नको.

मुठीबद्दल एक गैरसमज जुन्या मिस्त्रींमध्येही आढळतो. लांब पेचकसानं जास्त जोर लागतो, असं ते सांगतात. पान्याच्या बाबतीत ते खरं आहे, पेचकसाच्या नाही. पीळ ठरतो मुठीच्या जाडीवर. वीस मिलिमीटर जाडीच्या मुठीऐवजी तीसची धरली तर तेवढ्याच ताकदीत दीडपट पीळ मिळतो. दांडी लांब असली तर टोक सरळ धरायला मदत होते आणि अडचणीत हात पोचतो, एवढंच. म्हणून मूठ हाताला भरेल अशी घ्या. घामाचा आणि तेलाचा हात सटकणार नाही, हे बघा. घट्ट स्क्रूंसाठी एक असा असावा, ज्याची दांडी मुठीच्या आरपार जाऊन मागं पोलादी टोपीला मिळते आणि मुठीच्या बुडाशी षट्कोनी नटासारखा भाग असतो. त्याला हातोडीचा ठोका सोसतो आणि नटाला पाना लावून जादा पीळ देता येतो. साध्या मुठीवर हातोडी मारलीत तर मूठ चिरते.

पेचकस वापरताना जपानी कारागिरांचा एक हिशेब लक्षात ठेवा: सात भाग दाब, तीन भाग फिरवणं. आपण नेमकं उलटं करतो. स्क्रू हलेना की जोरात फिरवतो आणि दाब विसरतो. आधी खाच साफ करा. टोक बसवा, स्क्रूच्या रेषेत धरा, भार टाका आणि मग फिरवा. जाम झालेल्या स्क्रूला आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी सोडवण्याआधी उलट दिशेला, म्हणजे आवळायच्या बाजूला, केसभर हलवून बघा. गंजाची पकड तुटायला तेवढं पुष्कळदा पुरतं. फुली थोडी गोल झालीच असेल तर टोकाला व्हॉल्व घासायची पेस्ट लावा. ती कुठल्याही गॅरेजात असते आणि तिच्यातली कच फुलीत रुतून बसते. यानंही नाही झालं तर इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीचा ठोका बसला की दाब आणि फेरा एकदम देणारं हत्यार. इंजिनाच्या झाकणाला यासारखं दुसरं औषध नाही.

स्क्रू परत बसवतानाही घाई करू नका. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला आधी उलटं फिरवा. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसतो. तिथं जुने आटे जुळलेले असतात. तिथून सुलटा फिरवा. मिक्सरचं बूड, गाडीची पॅनेलं, टॉर्च, सगळ्यांचे आटे या एका सवयीनं वर्षानुवर्षं टिकतात.

चपटं टोक झिजलं तर ते परत घासता येतं. पण ग्राइंडरवर धरून ठिणग्या उडवत बसू नका. पोलाद तापलं की आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, जांभळं, शेवटी निळं. निळं पडलं की टोकातलं पाणी उतरलं असं समजा, पुढं ते मऊच राहणार. दोन सेकंद घासायचं, पाण्यात बुडवायचं, परत दोन सेकंद. दोन्ही बाजू समांतर ठेवायच्या आणि टोक काटकोनात सरळ. फुलीचं टोक झिजलं तर मात्र घासू नका, टाकून द्या. झिजलेलं फुलीचं टोक डब्यात राहिलं की कुणी तरी ते वापरतंच.

कोल्हापूरला यंत्र उघडून बघायची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि त्याच कॅमेऱ्यानं पुढं ‘सैरंध्री’ हा सिनेमा चित्रित झाला. परक्या यंत्राचा स्क्रू न बिघडवता यंत्र उघडता येणं ही त्या विद्येची पहिली पायरी. उद्यमनगरातल्या शेडांमध्ये ती अजून जिवंत आहे. मोटारीच्या खोलीत मात्र ती अजून पोचलेली नाही.

आणि मोटारीच्या खोलीत चुकीची किंमत फक्त वाइंडिंगची नसते. पेचकसाची मूठ प्लास्टिकची आहे म्हणून तो विजेच्या कामाचा, असं समजू नका. विजेच्या कामाच्या पेचकसाची दांडी टोकापर्यंत आवरणात असते आणि त्यावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो. साधी मूठ तेलानं, उन्हानं तडकते. टेस्टरचा दिवा लागला तर वीज आहे हे खरं, पण नाही लागला म्हणजे वीज नाही असं नव्हे. दिवा गेलेला असू शकतो, किंवा तुम्ही कोरड्या लाकडी फळीवर उभे असाल. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं येते आणि पुष्कळ स्टार्टरना ऑटो बसवलेला असतो. तुम्ही टर्मिनलला हात घातलेला असताना वीज आली तर मोटर आपोआप सुरू होईल. म्हणून स्टार्टर उघडण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि मगच पेटीचं झाकण काढा. चांगल्या प्रतीचा आवरण असलेला पेचकस हे त्यानंतरचं संरक्षण आहे, त्याऐवजीचं नाही.

तुमच्या मळ्यात मोटर असेल तर दोन पेचकस घ्या, दोन्ही १००० व्होल्टचे: एक चपटा, १.० × ५.५, आणि एक फुलीचा दोन नंबर. मोटारीच्या खोलीत ते खिळ्याला टांगून ठेवा, आणि पाण्याची पुढची पाळी सुरू होण्याआधी, फ्यूज खिशात ठेवून, स्टार्टरचे सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या. तो वाकडा टेस्टर मात्र घरी घेऊन या.